गॅल चिप बदलल्यावर झेड८० बोर्ड गप्प? दोष शोधायचा क्रम

घरी जुळवलेल्या झेड८० (आठ बिटांचा जुना प्रोसेसर) संगणकावर पत्ता-डीकोडिंगचं काम बहुधा एकच छोटी चिप करते: २० पायांची गॅल१६व्ही८, म्हणजे समीकरणं भरून वागणं ठरवता येणारी लॉजिक चिप. रॉम कोणत्या पत्त्यावर बोलेल, रॅम कोणत्या, सिरियल पोर्टला हाक कधी जाईल, हे सगळं तिच्यातल्या समीकरणांवर ठरतं. लॅटिस कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या या चिप आता बनत नाहीत, आणि त्यांतला मजकूर टिकण्याची हमी २० वर्षांची होती. त्यामुळे जुन्या बोर्डावरची गॅल विसराळू झाली की तिच्या जागी बहुतेक जण एटीएफ१६व्ही८बी बसवतात. ही मूळची अ‍ॅटमेलची, आता मायक्रोचिपच्या नावाने मिळते.

नवी चिप प्रोग्रॅम होते, प्रोग्रॅमर 'व्हेरिफाय ओके' दाखवतो, चिप सॉकेटमध्ये जाते आणि बोर्ड मात्र गप्प. इथून पुढे नवखा माणूस तीच फाइल त्याच चिपमध्ये पुन्हा पुन्हा भरत बसतो. ते करू नका. 'व्हेरिफाय ओके' याचा अर्थ एवढाच, की फाइलमधले बिट चिपमध्ये नीट उतरले. ती फाइल बरोबर आहे का, ती तुमच्याच बोर्डाची आहे का, चिपचे पाय बोर्डापर्यंत पोहोचतात का, यांतलं काहीही प्रोग्रॅमरला कळत नाही. शिवाय या चिपची पुसून-लिहिण्याची हमी १०० वेळांचीच असते.

खालच्या क्रमात आधी स्वस्त आणि धोका नसलेल्या तपासण्या आहेत, मग वेळखाऊ. क्रम मोडू नका. पाचव्या पायरीत सापडणारा दोष नवव्या पायरीत शोधायला गेलात तर अख्खा रविवार जातो.

१. आधी हे गोळा करा

कागदपत्रं:
- बोर्डाचं सर्किट, आणि बोर्डावर छापलेला आवृत्ती-क्रमांक. दोन आवृत्त्यांमध्ये गॅलचे दोन पाय अदलाबदल झालेले असणं अगदी सर्रास आढळतं.
- समीकरणांची मूळ फाइल आणि त्यावरून तयार झालेली जेडेक फाइल, म्हणजे चिपमध्ये भरायच्या बिटांची यादी. नुसती जेडेक असेल तरी काम होतं, पण कष्ट वाढतात.
- तुमच्या हातातल्या नेमक्या चिपची डेटाशीट. १६व्ही८बी आणि १६व्ही८सी यांत फरक आहे, त्यामुळे शेवटचं अक्षरसुद्धा जुळवा.
- जुनी चिप काढण्यापूर्वीचा फोटो, ज्यात खाच कोणत्या बाजूला आहे ते दिसतं.

साधनं:
- मल्टिमीटर, बीप देणारा.
- गॅल हाताळणारा प्रोग्रॅमर. टीएल८६६-टू प्लस किंवा टी४८ चालतो.
- ब्रेडबोर्ड, आठ खटक्यांचा डीआयपी स्विच, काही एलईडी, १ किलोओहमचे १६ आणि १० किलोओहमचे १० रेझिस्टर.
- लॉजिक प्रोब किंवा आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनलायझर. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. नसेल तरी आठव्या पायरीपर्यंत अडत नाही.
- भिंग, आयसोप्रोपिल अल्कोहोल, फ्लक्स, जुना टूथब्रश.

चिप किमान दोन घ्या. संशय आल्यावर दुसरी चिप लावून पाहता येणं याची किंमत तिच्या दरापेक्षा कितीतरी जास्त आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन घेताना वापरून काढलेला, नवं नाव छापलेला माल येऊ शकतो. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने वरची छपाई पुसून बघा. काळा थर कापसावर आला आणि खालून दुसरं नाव डोकावलं, तर ती चिप बोर्डात घालूच नका.

२. वीज देण्याआधी: पाय, सॉकेट, सोल्डर

सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात.

चिपच्या खाचेची दिशा आधी बघा. १६व्ही८ मध्ये पाय १० ग्राउंड आणि पाय २० म्हणजे ५ व्होल्ट. चिप उलटी बसली तर सप्लाय उलटा लागतो, चिप काही सेकंदांत भाजते आणि सहसा परत उठत नाही.

नवीन डीआयपी चिपचे पाय बाहेरच्या बाजूला किंचित फाकलेले असतात. टेबलावर आडवी धरून दोन्ही रांगा हळूच आत वळवा, मग बसवा. बसवताना एखादा पाय सॉकेटमध्ये न जाता चिपच्या पोटाखाली दुमडतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. भिंग घेऊन दोन्ही कडांनी बघा.

आता बीप-चाचणी. मीटरची एक टोकणी चिपच्या पायाच्या खांद्यावर, म्हणजे चिपच्या शरीरातून पाय जिथे बाहेर येतो तिथे ठेवा. सॉकेटच्या पत्र्यावर नको. दुसरी टोकणी ती वायर जिथे संपते तिथे, उदाहरणार्थ रॉमच्या पाय २० वर किंवा झेड८० च्या पाय १९ वर ठेवा. सॉकेट ते सॉकेट तपासलंत तर पाय आणि सॉकेट यांमधला तुटलेला संपर्क निसटतो, आणि दोष बहुधा तिथेच असतो. वीसही पायांवर हे करा. मग शेजारच्या पायांची प्रत्येक जोडी बघा: १-२, २-३ असं. सर्किटमध्ये जोडलेले नसताना बीप आला तर सोल्डरचा पूल आहे.

जुनी चिप थेट सोल्डर केलेली होती आणि तुम्ही ती उपटली असेल, तर भोकांच्या आतला तांब्याचा मुलामा निघालेला असू शकतो. अशा भोकात खालून सोल्डर छान दिसतो, पण वरच्या थरावरची रेघ तुटलेली असते. बीप आला नाही तर ती जोडणी बारीक तारेने बाहेरून करा. मुलामा परत बसवण्याच्या फंदात पडू नका.

स्वस्त सॉकेटमध्ये आधी जाड पायांचा काही भाग खोचलेला असेल तर पाती सैल पडतात. चिप बोटाने दाबल्यावर बोर्ड चालू होत असेल तर सॉकेट बदला.

३. पहिली वीज

गॅल काढून, बाकी बोर्ड लावून सप्लाय द्या आणि रिकाम्या सॉकेटच्या २० व १० मध्ये व्होल्टेज मोजा. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवं. यूएसबीच्या बारीक वायरीतून हेच ४.६ वर येतं आणि मग बोर्ड कधी चालतं, कधी नाही. वायर बदला.

वीज बंद करून चिप बसवा, पुन्हा चालू करा, पुन्हा तिथेच मोजा. चिप कोमट होणं हा दोष नाही: जुन्या साध्या गॅलला ९० मिलीअँपिअरपर्यंत करंट लागू शकतो, म्हणजे जवळपास अर्धा वॅट. बोट टेकवत नसेल इतकी गरम झाली तर लगेच बंद करा. एक तर ती उलटी आहे, किंवा तिचं आउटपुट दुसऱ्या कुणाच्या आउटपुटशी भांडतंय.

०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर पाय २० आणि ग्राउंडच्या अगदी जवळ आहे ना, तेही बघून घ्या. जुन्या संथ चिपबरोबर तो नसला तरी भागत होतं. नव्या चिपबरोबर भागत नाही.

४. चिप आणि फाइल यांची जोडी जुळते का

प्रोग्रॅमरमध्ये चिपचं नाव निवडताना 'गॅल१६व्ही८' आणि 'एटीएफ१६व्ही८बी' हे पर्याय एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आतली समीकरणांची मांडणी तीच असली तरी लिहिण्याची पद्धत कंपनीगणिक वेगळी आहे. चुकीचं नाव निवडून लिहिलं तर कधी ताबडतोब त्रुटी येते, कधी अर्धवट लिहिलं जातं. चिपच्या पाठीवर जे छापलंय तेच निवडा.

जेडेक फाइल ही साधी मजकूर-फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडा आणि चार गोष्टी बघा.

पहिली, 'क्यूएफ' या अक्षरांपुढचा आकडा, म्हणजे एकूण फ्यूज (चिपमधल्या दर बिटाला फ्यूज म्हणतात). १६व्ही८ साठी तो २१९४ हवा. २०४८ दिसला तर ती फाइल जुन्या पाल१६एल८ किंवा पाल१६आर४ सारख्या चिपची आहे. ती १६व्ही८ मध्ये जशीच्या तशी जात नाही, आधी रूपांतर करावी लागते. ५८९२ असेल तर ती २४ पायांच्या २२व्ही१० ची.

दुसरी, 'एल'ने सुरू होणाऱ्या ओळी. त्यांत शून्य आणि एक यांची मिसळ दिसायला हवी. सगळीकडे नुसते शून्य किंवा नुसते एक असतील, तर ती फाइल कुलूपबंद चिपमधून वाचलेली आहे. या सापळ्यात फार लोक अडकतात. मूळ चिपचा सुरक्षा-फ्यूज लावलेला असला की वाचन 'यशस्वी' होतं, फाइल तयार होते, ती नव्या चिपमध्ये 'व्हेरिफाय ओके'सह भरली जाते, आणि आत एकही समीकरण नसतं. अशा वेळी मूळ फाइल मिळवणं किंवा सर्किटवरून समीकरणं नव्याने लिहिणं हाच रस्ता आहे.

तिसरी, 'जी'पुढचा अंक. 'जी१' असेल तर नवी चिपही कुलूपबंद होईल आणि पुढे तुम्हालाच ती वाचता येणार नाही. काम पूर्ण होईपर्यंत हा फ्यूज लावू नका. प्रोग्रॅमरच्या खिडकीतली त्याची खूणही काढा.

चौथी, 'सी'पुढची चेकसम. प्रोग्रॅमर दाखवतो ती आणि ही एकच हवी.

विनकपल (समीकरणांवरून जेडेक बनवणारा कंपाइलर) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. तयार होणाऱ्या जेडेक फाइलचं नाव तुमच्या स्रोत-फाइलच्या नावावरून पडत नाही. स्रोतात अगदी वर 'नेम'पुढे जे लिहिलंय त्यावरून पडतं. फाइलची नक्कल करून नवं नाव दिलं, समीकरण सुधारलं, कंपाइल केलं आणि नव्या नावाची जेडेक शोधत बसलात, तर हाती जुनीच येते. प्रोग्रॅम करण्यापूर्वी जेडेकची तारीख-वेळ बघायची सवय लावा.

मूळ समीकरणं हरवली असतील आणि जेडेक वाचता येत असेल, तर मेम या एम्युलेटरसोबत येणारं जेडयुटिल नावाचं साधन फ्यूजवरून समीकरणं छापून देतं. नावं जाऊन पाय-क्रमांक राहतात, पण सर्किटशी ताडून बघायला ते पुरे आहेत.

५. मोड: १६व्ही८ चा खरा गुंता

१६व्ही८ तीन तऱ्हांनी वागू शकते: साधा मोड, कॉम्प्लेक्स मोड आणि रजिस्टर्ड मोड. कंपाइलरला तुम्ही काही सांगितलं नाही तर समीकरणं बघून तो स्वतः निवडतो, आणि त्याची निवड तुमच्या बोर्डाच्या तारांशी जुळेलच असं नाही. कोणता मोड पडला ते फाइलमध्येच दिसतं: फ्यूज २१९२ आणि २१९३ हे शेवटचे दोन बिट. '१०' म्हणजे साधा, '११' म्हणजे कॉम्प्लेक्स, '०१' म्हणजे रजिस्टर्ड.

मोड बदलला की पायांचे अधिकार बदलतात:

- साध्या मोडमध्ये पाय १५ आणि १६ फक्त आउटपुट. त्यांवर इनपुट आणता येत नाही आणि त्यांची किंमत आतल्या दुसऱ्या समीकरणात परत वापरता येत नाही.
- कॉम्प्लेक्स मोडमध्ये हेच बंधन पाय १२ आणि १९ वर येतं. शिवाय दर आउटपुटला आठऐवजी सात गुणाकार-पदं (समीकरणात 'किंवा'ने जोडायचे 'आणि'चे गट) मिळतात, कारण एक पद आउटपुट उघडण्या-मिटण्यात खर्च होतं.
- रजिस्टर्ड मोडमध्ये पाय १ क्लॉक आणि पाय ११ आउटपुट-एनेबल म्हणून अडकतात. तुमच्या बोर्डावर पाय ११ ला एखादी पत्ता-रेघ जोडलेली असेल, तर ती रेघ हाय झाली की रजिस्टर केलेली आउटपुटं सुटी पडतात.

शेवटचं लक्षण ओळखायला सोपं आहे. आउटपुट धड हाय नाही, धड लो नाही, बोट जवळ नेलं तरी बदलतं. असं दिसलं तर आधी मोड तपासा. विनकपलमध्ये मोड सक्तीने ठरवायचा असेल तर उपकरणाचं नाव पूर्ण द्या: साध्यासाठी 'जी१६व्ही८एएस', कॉम्प्लेक्ससाठी 'जी१६व्ही८एमए', रजिस्टर्डसाठी 'जी१६व्ही८एमएस'. नुसतं 'जी१६व्ही८' दिलं की निवड कंपाइलरची. पाल१६एल८ च्या जागी बसवत असाल तर कॉम्प्लेक्स मोड घ्या. पायांची बंधनं तिच्याशी जुळतात.

दुसरा गुंता उलट-सुलटचा. झेड८० चे जवळपास सगळे नियंत्रण-सिग्नल आणि मेमरीचे सिलेक्ट पाय लो असताना काम करतात. पायांच्या यादीत उद्गारचिन्ह लावून तुम्ही सिग्नल 'लो असताना खरा' असा जाहीर केलात, तर समीकरणात तो नुसत्या नावाने लिहायचा. तिथेही उद्गारचिन्ह लावलंत तर अर्थ दोनदा उलटतो आणि रॉम नको तेव्हा जागी राहते. मी तर सांगेन, की एकच पद्धत ठरवा: उलटेपणा यादीत जाहीर करायचा, समीकरणं सरळ अर्थाने लिहायची. 'ए१५ नाही आणि मेमरी-मागणी आहे, तर रॉम' असं वाचता आलं पाहिजे.

६. बोर्डाबाहेर चाचणी

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच चुकतात. चिप ब्रेडबोर्डवर घ्या. पाय २० ला ५ व्होल्ट, पाय १० ग्राउंड, मध्ये ०.१ मायक्रोफॅरड. समीकरणात येणारी इनपुटं डीआयपी स्विचला जोडा, प्रत्येकाला १० किलोओहमने ५ व्होल्टकडे ओढा. स्विच दाबला की ग्राउंड. उरलेली इनपुटं मोकळी सोडू नका.

आउटपुटला एलईडी लावताना तो ५ व्होल्टकडून लावा: ५ व्होल्ट, १ किलोओहम, एलईडी, मग चिपचा पाय. ही चिप लो असताना २४ मिलीअँपिअर गिळू शकते, हाय असताना जेमतेम ३-४ मिलीअँपिअर देते. अशा जोडणीत एलईडी पेटला म्हणजे आउटपुट लो, म्हणजे ती चिप निवडली गेली. वाचायलाही हे सोयीचं.

समजा खालचे ३२ किलोबाइट रॉम, वरचे ३२ किलोबाइट रॅम आणि पत्ता ८० (हेक्स) पासून सिरियल पोर्ट, असा नकाशा आहे. (मेमरी-मागणी, आयओ-मागणी आणि एम१ हे झेड८० चे सिग्नल; एम१ आज्ञा आणताना लो होतो. ए७, ए१५ या पत्ता-रेघा.) मग निदान एवढ्या स्थिती हाताने लावून बघा:

- मेमरी-मागणी लो, ए१५ लो: फक्त रॉम पेटावी.
- मेमरी-मागणी लो, ए१५ हाय: फक्त रॅम.
- मेमरी-मागणी हाय, आयओ-मागणी हाय: काहीच पेटू नये.
- आयओ-मागणी लो, एम१ हाय, ए७ हाय: फक्त सिरियल.
- आयओ-मागणी लो, एम१ही लो: काहीच पेटू नये.

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. झेड८० इंटरप्टची पोच देताना एम१ आणि आयओ-मागणी एकाच वेळी लो करतो. समीकरणात एम१ नसेल तर त्या क्षणी पत्त्याच्या रेघांवर जे काही असेल त्यानुसार सिरियल चिप निवडली जाऊ शकते. ६८५० सारख्या सिरियल चिपला वेगळा रीड पाय नसतो. तिचं अपघाती वाचन झालं तर आलेलं अक्षर परस्पर गिळलं जातं. बोर्ड सुरू होतं, प्रॉम्प्टही येतो, पण टाइप करताना मधूनच अक्षर गळतं. लोक मग केबलला दोष देतात.

कोणत्याही स्थितीत दोन एलईडी एकदम पेटत असतील तर चिप बोर्डात घालू नका. दोन मेमरी एकाच वेळी डेटा-रेघांवर बोलल्या तर दोघींच्या आउटपुटवर ताण येतो.

७. बोर्डावर: आधी सीपीयू जिवंत आहे का

गॅलकडे वळण्यापूर्वी झेड८० चे चार-पाच पाय बघा. पाय ६ वर क्लॉक, पाय २६ रीसेट (सुरू झाल्यावर हाय), पाय २४ वेट, पाय २५ बस-मागणी, पाय १७ एनएमआय (रोखता न येणारा इंटरप्ट): हे तिन्ही हाय. तुमच्या बोर्डावर वेट किंवा रीसेटचा सिग्नल गॅलमधूनच निघत असेल तर समीकरणातली एक चूक सीपीयूला कायमचं थांबवून ठेवते, आणि दोष सीपीयूचा वाटतो. तशी शंका आली तर तो आउटपुट-पाय तेवढा सॉकेटबाहेर वाकवा आणि सीपीयूच्या पायाला १० किलोओहमने ५ व्होल्टकडे ओढून बघा.

८. नॉप चाचणी

झेड८० मध्ये 'काही करू नको' या आज्ञेचा कोड ०० आहे. डेटाच्या आठही रेघांवर कायम शून्य ठेवलं, तर सीपीयू ०००० पासून एफएफएफएफ पर्यंतचे सगळे पत्ते ओळीने चालत राहतो. मेमरीची गरजच उरत नाही आणि गॅलची परीक्षा होते.

वीज बंद करून रॉम, रॅम आणि डेटा-रेघांवर बोलणारी बाकी प्रत्येक चिप काढा. रॉमच्या रिकाम्या सॉकेटमध्ये आठ डेटा-पायांतून ग्राउंडला १ किलोओहमचे आठ रेझिस्टर लावा; नुसती तार नको. वीज द्या, रीसेट दाबा. ४ मेगाहर्ट्झ क्लॉक असेल तर हे दिसायला हवं:

- एम१ आणि रीड: १ मेगाहर्ट्झ, कारण नॉपला चार क्लॉक लागतात.
- मेमरी-मागणी: २ मेगाहर्ट्झ; दर नॉपमध्ये एकदा आज्ञा आणताना, एकदा रिफ्रेशला.
- राइट आणि आयओ-मागणी: सतत हाय.
- पूर्ण फेरी: ६५.५ मिलिसेकंद. ७.३७२८ मेगाहर्ट्झ क्लॉकवर हीच ३५.६ मिलिसेकंद.

आता गॅलची आउटपुटं. इथे नवखे दचकतात म्हणून थोडं थांबून सांगतो. झेड८० दर आज्ञेनंतर डायनॅमिक रॅमसाठी रिफ्रेश करतो आणि त्या वेळी वरच्या आठ पत्ता-रेघांवर 'आय' रजिस्टरची किंमत ठेवतो. रीसेटनंतर ती शून्य असते. म्हणून सीपीयू वरच्या ३२ किलोबाइटमध्ये फिरत असतानाही दर नॉपमध्ये ए१५ क्षणभर लो होतो. समीकरणात फक्त ए१५ आणि मेमरी-मागणी असेल, तर त्या क्षणी रॉम-सिलेक्टही लो होतो. हा दोष नाही. रीड तेव्हा हाय असतो, त्यामुळे रीडने उघडणारी रॉम गप्पच राहते.

म्हणजे अपेक्षित चित्र असं: फेरीच्या पहिल्या अर्ध्यात रॉम-सिलेक्टवर दर नॉपला दोन ठोके, दुसऱ्या अर्ध्यात एक, रॅम-सिलेक्ट पहिल्या अर्ध्यात पूर्ण शांत, दुसऱ्यात दर नॉपला एक ठोका. सिरियल-सिलेक्ट कायम हाय. सिरियलवर ठोके दिसले तर समीकरणात आयओ-मागणी सुटली आहे किंवा उलटी लिहिली गेली आहे. रॉम आणि रॅम दोन्ही शांत असतील तर गॅलच्या इनपुट-पायाच्या खांद्यावर प्रोब ठेवा. सिग्नल तिथे येत नसेल तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

हे जमलं की रेझिस्टर काढा, फक्त रॉम परत बसवा आणि तीत ०००० पासून सहा बाइट भरा: ३ई ५५ डी३ ८० १८ एफसी. हा छोटा फेरा पोर्ट ८० वर ५५ पाठवत राहतो, रॅमला हात लावत नाही. दर फेऱ्याला २३ क्लॉक, म्हणून ४ मेगाहर्ट्झवर सिरियल-सिलेक्टवर साधारण १७४ किलोहर्ट्झ ठोके मिळतात. मिळाले तर रॉम, सीपीयू आणि गॅलचा आयओ भाग तिन्ही बरोबर आहेत. राहिला प्रश्न रॅमचा.

९. चालतं, पण मधूनच कोलमडतं

हे दोष वेगळ्या जातीचे. समीकरणं बरोबर असतात.

नवी चिप जुनीपेक्षा वेगवान असते. २५ नॅनोसेकंदांच्या जागी ७ किंवा १० ची बसवली, तर पत्ता बदलतानाचे बारीक चुकीचे ठोके, जे जुनी चिप गिळून टाकत होती, ते आता आउटपुटला दिसतात. झेड८० वर मेमरी-मागणी पत्ता स्थिरावल्यावर लो होते, म्हणून तिला समीकरणात घेतलं की बहुतेक प्रश्न मिटतो. ६५०२ या दुसऱ्या जुन्या प्रोसेसरच्या बोर्डावर मात्र रॅमचा राइट सिग्नल पीएचआय२ या क्लॉक-सिग्नलशी बांधलेला असलाच पाहिजे, नाहीतर कुठलाही बाइट कधीही बिघडतो. शक्य असेल तर मुळात होती त्याच वेगाची चिप घ्या. ४ मेगाहर्ट्झच्या बोर्डाला १५ किंवा २५ नॅनोसेकंद भरपूर झाले. आणि लक्षात घ्या, २४ मेगाहर्ट्झच्या स्वस्त अ‍ॅनलायझरचे दोन नमुने सुमारे ४२ नॅनोसेकंद अंतरावर असतात. १० नॅनोसेकंदांचा ठोका त्यात दिसला नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. तिथे १०० मेगाहर्ट्झचा स्कोप लागतो.

दुसरं कारण लॉजिक-पातळी. गॅलच्या हाय आउटपुटची हमी २.४ व्होल्टची. पुढे ७४एचसी मालिकेची चिप असेल तर तिला ५ व्होल्टवर हाय समजायला ३.५ व्होल्ट लागतात. त्या जागी ७४एचसीटी लावा. तिला २ व्होल्ट पुरतात, पाय तेच.

तिसरं, मोकळी इनपुटं. जुन्या गॅलमध्ये आणि एटीएफ१६व्ही८बी मध्ये आत पुल-अप (पायाला ५ व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर) आहेत, त्यामुळे उघडा जंपर आपोआप हाय मानला जातो. एटीएफ१६व्ही८सी आणि एटीएफ२२व्ही१०सी मध्ये त्याऐवजी पिन-कीपर आहे. तो शेवटची स्थिती धरून ठेवतो, मग ती हाय असो की लो. जंपरचा अर्थ दर वेळी बदलतो. अशा प्रत्येक पायाला बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप द्या. याच दोन चिपमध्ये पाय ४ झोपेचा पाय म्हणून नेमता येतो. तो पर्याय चुकून सुरू राहिला आणि पाय ४ ला एखादी पत्ता-रेघ असली, तर ती हाय होताच चिप झोपते. पाय ४ हाय-लो करून आउटपुट गोठतात का, हे ब्रेडबोर्डवर मिनिटभरात कळतं.

१०. चिपच मेली, हे कधी मानायचं

सहाव्या पायरीतली ब्रेडबोर्ड-चाचणी हाच निकाल. तिथे एकच आउटपुट सगळ्या स्थितींत एकाच जागी अडकलेलं असेल आणि तीच फाइल भरलेली दुसरी चिप बरोबर वागत असेल, तर पहिली टाका. पुसल्यानंतरही रिकामी असल्याची तपासणी फसत असेल तर तीही टाकाऊ. दोन्ही चिप तेच चुकत असतील तर दोष फाइलमध्ये आहे. चौथ्या आणि पाचव्या पायरीवर परत जा. ब्रेडबोर्डवर बरोबर, बोर्डावर चूक, असं असेल तर दुसरी, तिसरी आणि नववी.

बोर्ड चालल्यावर चिपवर कागदी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर फाइलचं नाव, बोर्डाची आवृत्ती आणि जेडेकची चेकसम लिहा. स्रोत-फाइल, जेडेक आणि कंपाइल करताना दिलेलं उपकरणाचं पूर्ण नाव एकाच फोल्डरमध्ये ठेवा. कुलूप लावू नका.